धबधबा पाहून काय मिळते?



मृग व आर्द्रा नक्षत्रे बरसू लागली की घाटमाथ्याच्या रस्त्यांवर दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. एक, गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारी. व दुसरी, पुण्यामुंबईहून मोटारींनी येऊन धबधबे पाहावयास जाणारी. पहिली माणसे दुसऱ्यांकडे पाहून हसतात व आपसांत म्हणतात, "पाणी पडताना बघायला एवढ्या लांबून कशाला यायचं? आमच्या वळचणीखाली उभं राहा म्हणावं!" ह्या थट्टेत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. धबधबा पाहून पोट भरत नाही, बांध धरत नाही, आजाऱ्याच्या तोंडात औषधाचा थेंब पडत नाही. मग ज्याच्या मागे घर, शेत, शाळा व शेजारधर्म यांची कर्तव्ये लागलेली आहेत, अशा मनुष्याने एक सकाळ त्यात घालवावी हे उचित आहे काय? आजच्या लेखात ह्याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

ह्यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ते असे की, सकाळी डोंगर चढल्याने छातीत स्वच्छ हवा जाते, अन्न पचते, झोप नीट लागते, व मनुष्य दुसऱ्या दिवशी अधिक काम करतो. हे खरे आहे. परंतु ह्या उत्तराने मूळ प्रश्न सुटत नाही, तो टळतो. कारण धबधबा हे जर केवळ औषध असेल, तर तितकाच चढ असलेली कोणतीही उजाड टेकडी तेच काम करील. पाण्यापर्यंत जाण्याची गरज काय? वाटेच्या शेवटी जे आहे त्याची किंमत काय, हेच तर आपल्याला पाहावयाचे आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे धरू या. महाबळेश्वरच्या बाजारापासून पाचगणीच्या रस्त्याने सुमारे 6 किलोमीटर आले की लिंगमळा लागतो. तेथे वेण्णा नदी पठाराची कड सोडून दरीत उडी घेते. मोठ्या रस्त्यापासून आत पायवाट जाते. ती फार लांब नाही. म्हातारे मनुष्यही काठी टेकीत, मध्ये विसावा घेत ती चालू शकते. दोन्ही बाजूंस जांभूळ, अंजन, हिरडा व पिसा ह्या झाडांची दाट राई आहे. पावसाळ्यात खोडाखोडांवर शेवाळाची मऊ साल चढते, आणि पायांखालचा जांभा दगड निसरडा होतो. उजाडण्यापूर्वी कोठून तरी शीळ ऐकू येते, व एखादा पोरगा गुरे घेऊन निघाला आहे असे वाटते. पण तो पोरगा नसून ओढ्याकाठी राहणारा कस्तूर नावाचा निळसर काळा पक्षी असतो. पुढे धबधब्याचा आवाज प्रथम येतो, आणि दर्शन मागाहून होते. कित्येकदा तर ते होतच नाही. समोरच्या कड्यावर जाऊन उभे राहावे, तो दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असते. पाण्याची गर्जना कानांवर पडत राहते, पण पाणी दिसत नाही. मग धुके विरण्याची वाट पाहात उभे राहावे लागते. ते कधी विरेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तेथे कोणाचा हुकूमही चालत नाही.

आता प्रश्न असा की, ह्या वाटेने जाऊन येणारा काय घेऊन येतो? हा प्रश्न आजचा नाही. युरोपात पेत्रार्क नावाचा एक इटालियन कवी होऊन गेला. 26 एप्रिल 1336 ह्या दिवशी आपण आपल्या भावाला बरोबर घेऊन दक्षिण फ्रान्समधील व्हांतू नावाचा उंच डोंगर चढलो, असे त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. चढण्याचे कारणही त्याने सरळ सांगितले आहे: त्या जागेची उंची पाहण्याची इच्छा, एवढेच. वाटेत त्यांना एक म्हातारा मेंढपाळ भेटला. त्याने दोघांना परतविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तो म्हणाला, पन्नास वर्षांपूर्वी मीही असाच हौसेने शिखरावर गेलो होतो. श्रम, पश्चात्ताप व काट्यांनी फाटलेले कपडे याखेरीज हाती काही लागले नाही. वाचकहो, हा मेंढपाळ आपल्या ओळखीचा वाटत नाही काय? आपल्या वळचणीखाली उभा राहून मोटारवाल्यांना हसणारा शेतकरी तो हाच.

परंतु पेत्रार्कला खरा आक्षेप शिखरावर भेटला. त्याच्या जवळ संत ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनाची एक लहानशी प्रत होती. ती त्याने सहज उघडली, तो जी ओळ डोळ्यांपुढे आली तिचा आशय असा होता की, माणसे उंच पर्वत, समुद्राच्या लाटा व नद्यांचे विस्तीर्ण प्रवाह पाहून थक्क होतात, आणि स्वतःकडे मात्र दुर्लक्ष करतात. पेत्रार्क चरकला. डोंगर उतरताना तो कोणाशी एक शब्दही बोलला नाही.

अशा रीतीने आपल्यापुढे दोन फिर्यादी उभे राहतात. मेंढपाळ म्हणतो, ह्यात देहाचा लाभ नाही. ऑगस्टिनचे वचन म्हणते, ह्यात आत्म्याची हानी होण्याचा संभव आहे. दोन्ही आक्षेप जबाबदार माणसांचे आहेत. त्यांना हसून टाळणे बरे नव्हे.

दुसऱ्या आक्षेपाचा विचार आधी करू. मनुष्य स्वतःला विसरतो, ही गोष्ट नेहमीच वाईट असते काय? विसरण्याचे दोन प्रकार आहेत. कर्ज काढून तमाशाला बसलेला मनुष्य आपल्या घराला विसरतो. आणि आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई आपल्या भुकेला विसरते. पहिला आपल्या कर्तव्याला विसरतो, दुसरी आपल्या स्वार्थाला विसरते. धबधब्यापुढे उभे राहणाऱ्याच्या मनात ह्यांपैकी कोणते विस्मरण घडते, यावर सर्व काही अवलंबून आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने 1790 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सौंदर्याच्या आनंदाची एक खूण सांगितली आहे. ती अशी की, तो आनंद निःस्वार्थ असतो. भाकरी पाहून भुकेल्याला जो आनंद होतो त्यात ती खाण्याची इच्छा मिसळलेली असते. सुंदर वस्तू पाहून जो आनंद होतो त्यात ती आपली व्हावी असा हेतू नसतो. आपल्या देशातील रसशास्त्राच्या आचार्यांनी त्याच्या कित्येक शतके आधी ह्याच्याशी मिळते असे म्हटले होते. नाटक पाहताना प्रेक्षकाच्या मनातून "हे माझे" व "हे परक्याचे" हा भेद गळून पडतो, आणि म्हणूनच रसाचा आस्वाद घडतो, असे त्यांचे मत. काश्मीरचे जुने पंडित आणि जर्मनीतला प्राध्यापक यांनी आपापल्या वाटेने येऊन एकाच गोष्टीकडे बोट दाखवावे, ही ध्यानात ठेवण्याजोगी बाब आहे.

आपले सारे आयुष्य घेण्यात जाते. झाड दिसले की आपण सरपण पाहतो; जमीन दिसली की तिचे बिघे मोजतो; माणूस भेटला की तो आपल्या कोणत्या कामी येईल हे मनात येते. ह्यात सर्वच पाप आहे असे नाही. पोट असलेल्या प्राण्याला घ्यावेच लागते. परंतु जो केवळ घेणेच शिकला, त्याची दृष्टी हळूहळू अशी होते की, जे घेता येत नाही ते त्याला दिसेनासे होते. अशा मनुष्याला म्हातारी आई ओझे वाटू लागते, कारण तिच्याकडून आता काही मिळावयाचे उरलेले नसते. पाहा, प्रश्न धबधब्यापासून निघाला आणि घराच्या उंबऱ्याशी येऊन ठेपला! वेण्णेचे पाणी कड्यावरून पडत असते, ते ओंजळीत धरता येत नाही, गाठोड्यात बांधता येत नाही. तेथे मनुष्य रिकाम्या हातांनी जातो व रिकाम्या हातांनी परततो. तितका वेळ तरी त्याने एका वस्तूकडे, ती त्याला काय देईल हे न विचारता, पाहिलेले असते. ही एक शिकवण आहे, व ती पुस्तकातून मिळणे कठीण.

वाट लहान असणे हेही येथे उपकारक आहे. मोठे शिखर सर करणाऱ्याला आपल्या पराक्रमाचा अभिमान होण्याचे भय असते. अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर पराक्रम कसला? तेथे लहान मूल, वृद्ध स्त्री व धट्टाकट्टा तरुण सारखेच पोहोचतात, आणि पोहोचल्यावर कोणी कोणाहून मोठा ठरत नाही.

परंतु धबधब्यापाशी जाऊनही मनुष्य घेण्याचा स्वभाव सोडत नाही, ह्याची दुःखद उदाहरणे अलीकडे वारंवार घडतात. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, व त्यात कॅमेरा आहे. पुष्कळ लोक पाण्याकडे पाठ करून उभे राहतात आणि स्वतःचेच चित्र घेतात. धबधबा पाहण्याची जागा, धबधब्यासह आपण दिसण्याच्या इच्छेने घेतली आहे. जुलै 2024 मध्ये रायगड जिल्ह्यात माणगावजवळ कुंभे येथील धबधब्यापाशी चलच्चित्र घेत असता एक तरुणी दरीत कोसळून मरण पावली. तिच्या आधी थोडेच दिवस, 30 जून 2024 रोजी, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूस ओढ्याच्या मध्यभागी उभे असलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांना अकस्मात वाढलेल्या पाण्याने वाहून नेले. त्यांत लहान मुले होती. मृतांना दोष देण्यास ही लेखणी उचललेली नाही. त्यांच्या घरच्यांचे दुःख मोठे आहे, आणि पाणी वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने किती लवकर चढते हे शहरच्या माणसाला कोणी शिकविलेले नसते. पण जिवंतांनी शिकले पाहिजे. वर ज्या कांटचा उल्लेख केला, त्यानेच कोसळत्या प्रचंड जलप्रपाताविषयी लिहिताना एक अट घातली आहे: आपण स्वतः सुरक्षित जागी असलो, तरच त्याची भव्यता मनाला उंच नेते. अंतर राखणे हा पाहण्याचाच एक भाग आहे. जे आपले नव्हे त्याला आपल्याहून मोठे राहू देणे, ह्याचेच नाव आदर.

आता मेंढपाळाच्या आक्षेपाकडे वळू. त्याला आपल्या प्रांतात अधिकच धार येते. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरांच्या आसपास असतो. एका जिल्ह्यात दहापटींहून अधिक अंतर! एवढेच नव्हे, तर जेथे तो धो धो कोसळतो त्या डोंगरी वाड्यांतूनही वैशाखात बायका डोक्यावर हंडा घेऊन दूरच्या झऱ्यावर जातात. त्यांतील एखादी आपल्याला विचारील की, "बाबा, जे पाणी मला घोटभर मिळत नाही, ते वाया जाताना पाहून तुम्हाला आनंद कसा होतो?" तर काय उत्तर द्यावे? ह्या प्रश्नापुढे कांट आणि रसाचार्य दोघेही गप्प बसतील.

येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की, पाहण्याने हंडा भरत नाही. ज्याला धबधबा पाहून आनंद झाला आणि वाटेवरची ही बाई दिसली नाही, त्याच्यावर ऑगस्टिनचे वचन अक्षरशः लागू पडते. परंतु "पाणी वाया जाते" हे मात्र खरे नव्हे. ते कसे, हे पाहिल्याने आपल्या प्रश्नाचे उत्तरही मिळेल.

आपले सह्याद्रीचे डोंगर सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झाले. हे थर सारखे कठीण नाहीत. कठीण थर टिकतो, त्याखालचा मऊ थर पाण्याने झिजतो, आणि कडा उभा राहतो. त्या कड्यावरून नदी पडते. महाबळेश्वरच्या माथ्यावर काळ्या दगडावर जांभ्याचे टोपण आहे. जांभा सच्छिद्र असतो. वर दाट झाडी असेल तर पावसाचा मारा पानांवर बसतो, पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, व ते सावकाश जांभ्यात मुरते. मग खाली जेथे घट्ट थर लागतो तेथे झरा होऊन बाहेर येते. पाऊस थांबल्यावरही ओढा कित्येक महिने वाहतो, तो ह्याच साठ्यावर. झाडी तोडली, माथा उघडा पडला, की तेच पाणी मातीसकट एका दिवसात धावून जाते. मग श्रावणात धबधबा अधिक गर्जतो आणि उन्हाळ्यात झरा अधिक लवकर आटतो. कड्यावरून पडलेले वेण्णेचे पाणी पुढे साताऱ्याजवळ कण्हेरच्या धरणात साठते, शेतांना मिळते, संगम माहुलीस कृष्णेत मिसळते, व कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत जाते.

ह्याचा अर्थ असा की, धबधबा आणि हंडा ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच पाण्याचा एक टप्पा डोळ्यांस दिसतो, दुसरा डोक्यावर वाहिला जातो. दोघांनाही राखणारी वस्तू एकच, ती म्हणजे माथ्यावरचे रान. आणि ते रान कोण राखील? जो त्याच्याकडे केवळ लाकूड, जागा व भाडे ह्या दृष्टीने पाहतो, तो राखणार नाही. त्याच्या हिशेबात आजचे मोल उद्याच्या झऱ्याहून नेहमीच जास्त भरते. 2001 साली केंद्र सरकारने महाबळेश्वर व पाचगणीचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, व तेथील बांधकामांवर व वृक्षतोडीवर निर्बंध घातले. कायदा आवश्यक आहे. पण कायदा मनुष्याचा हात धरतो, त्याची दृष्टी बदलत नाही. एखादी वस्तू आपल्यासाठी नसली तरी ती असावी, असे ज्याला वाटते, तोच ती दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. रिकाम्या हातांनी पाहण्यास जो शिकला, त्याच्याच हातून वाटणी नीट होते. धबधबा पाहून काय मिळते, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच: घेतल्यावाचून आनंद मानण्याची सवय मिळते, आणि ही सवय ज्या घरात, ज्या गावात नाही, तेथे कितीही पाऊस पडला तरी कोणाचा तरी हंडा रिकामाच राहतो.

मेंढपाळाने शिखरावरून फाटके कपडे आणले, कारण तो शिखरावर काही आणण्यासाठी गेला होता. आणि पेत्रार्क मुक्याने उतरला, हे त्याला भूषणावह आहे. ज्या डोंगराने मनुष्याला आपल्या अंतःकरणाकडे वळविले, त्या डोंगराची वाट फुकट गेली असे कोण म्हणेल?

तेव्हा शिक्षकांनो, उपदेशकांनो व घरधन्यांनो, आमचे सांगणे असे. लावणी आटोपल्यावर एखाद्या सकाळी मुलांना बरोबर घेऊन जा. लिंगमळ्यालाच गेले पाहिजे असे नाही. तुमच्या शिवेच्या डोंगरावर पावसाळ्यात पडणारी पाण्याची बारीक धारही पुरे. दिवस उजाडता निघा, म्हणजे दुपारच्या कामाचा खोळंबा होणार नाही. प्रवाहात उतरू नका. पाणी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा व काटक्या वाहू लागल्या, किंवा आवाज वाढला, तर वर पाऊस झाला आहे असे समजून ताबडतोब उंच जागी या. काही वेळ कोणी बोलू नये असे मुलांना सांगा. परतताना दुसऱ्यांनी टाकलेली एखादी बाटली वा पिशवी उचलून आणा. रिकाम्या हातांनी परतण्याच्या नियमाला एवढा अपवाद शोभेल. आणि उतरता उतरता मुलांना विचारा की, हे पाणी आता कोठे जाईल, व तेथे ते कोणाच्या घागरीत पडेल.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता ती ज्या दिवशी शेजारच्या वाडीच्या पाणवठ्यापर्यंत जाऊन पोहोचतील, त्या दिवशी तुमची ती एक सकाळ वाया गेली नाही असे खुशाल समजावे.